वाढलेला आकडा

अंथुर्ण्याच्या दूध संकलन केंद्रावर बिरदेव अठरा वर्षं दुधातलं फॅट मोजतोय. मशीनवरचा आकडा वाढला की दूधवाला खुशीत, घसरला की भांडण. बिरदेवचा जन्म या एका नियमावर गेला.

त्याच्या बायकोला, सारजाला, पेम्फिगस झाला. शरीर स्वतःच्याच कातडीवर उलटलं, अंगभर पाण्याचे फोड उठले. बारामतीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी चार महिन्यांत फोड बसले, पण तोंड सुजून भाकरीएवढं झालं. मग रक्ताचा रिपोर्ट फोनवर आला, सोबत 'लगेच या' असा डॉक्टरांचा निरोप. मागच्या वेळी आकडा बेचाळीस होता, आता एकशे अठरा.

"सारजे, रक्तात ताकद आली बघ! तिपटीनं!"

"मग बास करा की त्या गोळ्या. आरशात बघवत न्हाय मला."

बऱ्या झालेल्या माणसाला परत दवाखान्यात कशाला न्यायचं? बिरदेवनं गोळ्या फळीवर टाकल्या.

तीन आठवड्यांत तिच्या तोंडात फोड आले. मग पाठ सोलून निघाली, तेव्हा त्यानं तिला बारामतीच्या दवाखान्यात आणलं आणि रक्तातल्या ताकदीचं सांगितलं.

"अहो, ही ताकद नव्हे," डॉक्टर म्हणाले. "कातडीची वीण उसवणारी प्रथिनं आहेत ही. बऱ्याचदा फोड दिसण्याआधीच आकडा चढतो. म्हणून तर लगेच या म्हटलं होतं."

"आमच्यात वाढला की चांगलं असतंय, सायेब," बिरदेव कसाबसा बोलला.

"आवं, आकडं तुमी म्हशीचंच बघत जावा," खाटेवरून सारजा पुटपुटली. हसायला गेली आणि ओठ फाटला.

नवा आकडा दोनशे चार निघाला.

चादर जखमांना चिकटायची, म्हणून तिच्याखाली केळीची पानं अंथरायची होती. बिरदेव गावाकडून पानं आणायचा, सिस्टर ती वाफवून द्यायच्या. आकडा खाली यावा म्हणून त्यानं बिरोबाला नवस केला. असा नवस त्यानं कधी केला नव्हता.

पंधरा दिवसांनी पुन्हा रिपोर्ट आला.

"किती?" सारजानं डोळे न उघडता विचारलं.

"एकशे एक्क्याण्णव."

"मग चांगलं म्हणायचं का वाईट?"

जखमांत जंतू शिरले तर आकडा घसरूनही भागणार नाही, असं डॉक्टर कालच म्हणाले होते, आणि सकाळपासून सारजाचं अंग तापलं होतं. पान पाठीला चिकटलं होतं. ते सुटावं म्हणून बिरदेव वाटीनं कोमट पाणी सोडत राहिला.

"सांगा की," ती म्हणाली.