रुपयाला अर्धा आणा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे जो मूर्खपणा येणार आहे तो सगळा माझा आहे. आणि तरीही शेवटी तुम्हीच सांगा, हिशेब कोणाचा बरोबर होता? माझाच!

मी तेव्हा भोरच्या शाळेत गणित शिकवायचो. संस्थानी राज्य. पुण्याहून माल आणला की नाक्यावर जकात. भांड्यांना रुपयाला अर्धा आणा, कापडालाही रुपयाला अर्धा आणा. यात न कळण्यासारखं काही आहे का? पण पुण्याच्या एका साप्ताहिकात 'गृहस्थांस करविषयक सल्ला' असं सदर यायचं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली नुसतं 'एक अनुभवी'. तर हे अनुभवी काय लिहितात? 'भांड्यांवर अर्धा आणा, कापडावर अर्धा आणा. दोन्ही एकाच खेपेस आणल्यास अर्धा अधिक अर्धा, म्हणजे रुपयास एक आणा जकात पडते. सबब सुज्ञांनी दोन खेपा कराव्यात.'

अहो! दहा रुपयांच्या भांड्यांना पाच आणे. दहा रुपयांच्या कापडाला पाच आणे. वीस रुपयांना दहा आणे. मग रुपयाला किती पडला? अर्धाच ना! दर म्हणजे काय बटाटे आहेत, एका पिशवीत घालून बेरीज करायला?

मराठी चौथीतल्या पोरानं असं गणित केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. हे महाशय मात्र छापून येत होते! मी संपादकांना पत्र लिहिलं. छापलं नाही. दुसरं लिहिलं, जरा कडक. तेही नाही. आणि आमचं भोर? आमचं भोर खुशाल दोन खेपा करत होतं. आज भांडी, आठवड्यानं कापड. मोटारीचं भाडं दोनदा. मी वाचनालयात उभा राहून समजावलं, तर लोक म्हणाले, "असेल मास्तर, पण सगळे तसंच करतात." माझं डोकं फिरायचं बाकी राहिलं होतं.

अशात आमच्या कुसुमचं लग्न ठरलं. कुसुम माझी धाकटी बहीण. वडील नव्हते, त्यामुळे सगळं माझ्या अंगावर. तिनं साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. एकदाच म्हणाली, "दादा, मांडवात सनई मात्र हवी हं." मी छाती फुगवून हो म्हटलं. गुंजवण्याचे सनईवाले तीन रुपये रोख घेतल्याशिवाय घरातून हलायचे नाहीत. ते तीन रुपये मी उपरण्याच्या गाठीत वेगळे बांधून ठेवले. बाकी पै न् पै खर्चाला लागली होती, उसनं मागायलाही दार उरलं नव्हतं.

खरेदीला पुण्याला गेलो, सोबत बापूकाका. चाळीस रुपयांची भांडी झाली. काका म्हणाले, "चल आता. कापड पुढच्या खेपेला."

"का?"

"अरे, सगळे तसंच..."

"काका, तुम्हीसुद्धा?" मी दुकानातच ओरडलो आणि तिथल्या तिथे चाळीस रुपयांचं कापड घेतलं. निव्वळ त्या अनुभव्याच्या नाकावर टिच्चून!

मोटार नाक्यावर थांबली. कारकून शंकरराव, वेल्ह्याकडचा. भला माणूस. त्यानं टपावरचं सामान पाहिलं.

"मास्तर, भांडी तुमची?"

"माझी. चाळीस रुपयांची."

"आन् कापड ह्या काकांचं, व्हय ना?"

आता मला सांगा, हा असं का विचारतोय? माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हाही ते सदर वाचतो! दोन्ही माझं म्हटलं की हा रुपयाला एक आणा लावणार!

"नाही! कापडही माझंच!"

"तसं न्हवं मास्तर. काका संगं हायेत, म्हून इचारतो. त्यांचं आसंल."

काकांनी माझ्या पायावर पाय दिला. "हो हो, माझंच की."

"काका, खोटं बोलू नका!"

"जरा दमानं घ्या मास्तर," शंकरराव हळूच म्हणाला. "येगयेगळं आसलं तर बरं पडतं."

झालं! मी खिशातला खडू काढला (गणिताच्या मास्तराच्या खिशात दुसरं काय असणार?) आणि ट्रंकेच्या झाकणावर गणित मांडलं. मोटारीतली माणसं खाली उतरून बघायला लागली. मला तर वर्गच भरल्यासारखं वाटलं.

"लिहा! माणूस एक, खेप एक, माल ऐंशी रुपये, दर अर्धा आणा. चाळीस आणे, म्हणजे अडीच रुपये. वर एक पै देणार नाही!"

"जास्ती कुठं मागतोय म्या?" असं म्हणत त्यानं निमूटपणे पावती फाडली. "बराबर हाय तुमचं. अडीच रुपये."

मी ऐटीत उपरण्याची गाठ सोडली. "पाहिलंत काका? त्या अनुभव्याच्या हिशेबानं पाच झाले असते! काय हो शंकरराव, मग लोक दोन खेपा कशाला करतात?"

"आता काय बोलावं?" शंकररावानं कपाळाला हात लावला. "अवो, घरच्या वापराचा माल येका मानसाचा येका खेपंला पन्नास रुपयांच्या आत आसला तर माफी हाय न्हवं का! चाळीस तुमचे, चाळीस काकांचे. येक पै लागली नसती. कवाधरनं तेच सुचिवतोय म्या!"

म्हणजे सदर लिहिणाऱ्या त्या गाढवाला नियमच ठाऊक नव्हता! लोक दोन खेपा करतात एवढं पाहिलं आणि मागून स्वतःचं गणित चिकटवलं. गणित साफ चूक आणि सल्ला मात्र बरोबर! याहून संताप आणणारी गोष्ट जगात आहे का? आणि मी? मी गणित तपासलं, नियम विचारलाच नाही.

"पावती रद्द करा," मी हळूच म्हटलं.

"आता कशी करू? समद्या मोटारीनं ऐकलंय, दोन्ही तुमचंच म्हून."

काकांनी सामान घरापर्यंत आणलं. दाराशी एवढंच म्हणाले, "ते सनईचे पैसे होते ना रे?"

कुसुमला मी सांगितलं. ती तशीच आत निघून गेली. त्यापेक्षा तिनं भांडायला हवं होतं.

लग्नाचा दिवस. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला आणि भटजी सवयीनं ओरडले, "वाजवा रे वाजवा!"

मांडवात शांतता. अक्षता पडल्याचा आवाज ऐकू येईल एवढी. वराकडची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

तेवढ्यात कुसुमनं मुंडावळ्या जरा बाजूला केल्या आणि रुखवतातल्या नव्या घागरीकडे बोट दाखवलं.

"दादा, अडीच रुपये भरलेत ना हिच्यावर? मग वाजव की!"

आणि भोरच्या शाळेचा गणिताचा मास्तर, भर मांडवात, पळी घेऊन घागर बडवायला लागला. सगळा मांडव हसत होता, कुसुमसुद्धा. मी बडवत होतो आणि प्रत्येक ठोक्याला मनात म्हणत होतो, अर्धाच आणा, अर्धाच आणा, अर्धाच आणा!