मास्तरीणबाईंची किल्ली

माझा धाकटा भाऊ किल्ल्या बनवायचा. गिऱ्हाईक एक किल्ली सांगे, हा दोन घासायचा. दुसरी जायची त्याच्या पत्र्याच्या डब्यात, पुढे चोरीसाठी. मला सगळं ठाऊक होतं, पण सख्ख्या भावापुढे माझंही तोंड शिवलेलं.

एका रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून त्यानं येशूपुढे सगळं कबूल केलं. घरी येऊन म्हणाला, "अक्का, देवानं माफ केलं गं. आता हा डबा घरात ठेववत नाही."

"अरे येड्या, लोक पोलिसांत देतील!"

"देऊ देत."

भर दुपारी तो दारोदार किल्ल्या परत करत फिरला. कुणी शिव्या घातल्या, कुणी कुलूपच बदललं. शेवटचं दार एकट्या राहणाऱ्या मास्तरीणबाईंचं. त्यांची बांगडी यानंच उचलली होती. त्यानं बांगडी आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. मी त्याच्या मागेच उभी होते.

बाईंनी बांगडी हातात चढवली आणि किल्ली त्यालाच परत दिली. "उद्या मी आत पडले, तर दार कोण उघडणार? राहू दे तुझ्याकडे."

ती किल्ली आता आमच्या घरी क्रुसाखाली खिळ्याला असते. रोज सकाळी भाऊ बाईंना हाक मारून येतो. ती पाहून मला मात्र अजून माझं शिवलेलं तोंड आठवतं.