मेंदीखालची नखे

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी, पनवेलच्या आमच्या घरी आडावरून घागर आणताना मला वाटेत थांबावे लागू लागले. छाती भरून येई, आणि नखांवर व ओठांवर निळसर झाक चढे. सासूबाईंनी त्याविषयी चकार शब्द काढला नाही. त्यांनी दर पंधरवड्याला माझ्या बोटांची टोके मेंदीने रंगवायला सुरुवात केली आणि जेवणानंतर माझ्यापुढे विडा ठेवू लागल्या.

शेजारीण म्हणे, "सुनेचे भारी लाड चाललेत हो!"

"तिचे नाही तर काय तुमचे करू?" सासूबाई विचारीत.

निळ्या नखांची सून दिसली, की मुलाचे दुसरे लग्न करा, असा सल्ला लोक देणार, हे त्यांना माहीत होते. मलाही माहीत होते. त्यांच्या मनात काय आहे, हे विचारण्याचे धैर्य मात्र मला झाले नाही. मी मुकाट्याने बोटे पुढे करीत असे.

एका सकाळी मला बसल्या जागी श्वास पुरेना. त्यांनी टांगा बोलावून मला डॉक्टरांकडे नेले. छातीला नळी लावून डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी माझा हात उजेडात धरला.

"कसली मेंदी ही?"

"सणाची," सासूबाई म्हणाल्या.

"आत्ता कुठला सण?"

सासूबाईंनी पदर सावरला. मग खाली बघून त्या म्हणाल्या, "नखं निळी पडायला लागली, डॉक्टर. लोकांना दिसू नये म्हणून लावते. आधी नुसती थंडीत पडायची. होळीपासून रोजच."

डॉक्टर रागावले नाहीत. मेंदी जुनी झाल्याने नखांच्या मुळाशी कोवळी त्वचा उघडी पडली होती. आतले स्पष्ट दिसावे म्हणून तिच्यावर त्यांनी गोडेतेलाचा थेंब सोडला आणि भिंग धरून पाहिले. नंतर सासूबाईंनाही पाहायला लावले.

"मिठागराच्या बांधातलं पाण्याचं दार, ती उघाडी, अडली, की आतलं पाणी तुंबतं ना? हिच्या हृदयाची एक झडप तशी अडली आहे. फुप्फुसांतल्या वाहिन्यांवर दाब चढलाय. त्याचा शीण साऱ्या अंगातल्या बारीक वाहिन्यांपर्यंत पोचतो. या बघा, कशा फुगून वाकड्या झाल्यात."

"मग उघाडी मोकळी करता येते का?"

"मुंबईत करतात. शस्त्रक्रिया नवी आहे. जिवाला धोका आहे."

"न करून?"

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवून नकारार्थी मान हलवली.

"मग करायची," सासूबाई म्हणाल्या. वाटेत टांग्यात त्यांनी माझा हात सोडला नाही.

मुंबईच्या शल्यविशारदाने माझ्या हृदयात बोट घालून ती झडप मोकळी केली, हे मला पुढे कळले. तो हात, ते भिंग आणि तेलाचा तो थेंब यांचे ऋण मी मानतेच. परंतु शुद्धीवर आल्यावर प्रथम दिसल्या त्या माझ्या नखावर अंगठा दाबून, तिथे रक्त परतताना पाहणाऱ्या सासूबाई. ती निळाई पुरती ओसरायला काही महिने लागले.

पुढच्या नागपंचमीला त्यांनी मेंदी वाटली. माझे दोन्ही तळवे रंगवले. मी सवयीने बोटांची टोके पुढे केली, तेव्हा त्यांनी ती हलकेच बाजूला सारली.

"नखं राहू देत," त्या म्हणाल्या. "शेजारणी येतील आता. बघू देत त्यांना."