एर्मेलिंदा मंगळवारी कुठे जाते

अमेरिकेत, मेक्सिकोच्या सीमेवर असलेल्या एल पासो शहरातला जीन्सचा कारखाना बंद पडला तेव्हा एर्मेलिंदा सुनिगा शिवणकाम करणाऱ्या बायकांना घेऊन फाटकासमोर ठाण मांडून बसली होती. अशी ही खमकी बाई. पण सत्तरी ओलांडल्यावर नवरा फिदेन्सियो गेला आणि तिच्यातलं सगळं बळच गेलं. भर दुपारी पडदे ओढलेले. फोन वाजला तरी छातीत धस्स व्हायचं. घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

नणंद चाबेलाने दृष्ट काढतात तसं अंगावरून अंडं उतरवून पाहिलं. एर्मेलिंदाची ना नव्हती, पण गुणही आला नाही.

मुलगा हिल्बेर्तो वैतागला. "आई, तुला काय कमी आहे गं? रडतेस कशाला?"

"ते कळलं असतं तर तुला विचारत बसले असते का?" असं म्हणून ती एकटीच दवाखान्यात गेली.

डॉक्टर तरुण होता. हसून म्हणाला, "आजी, या वयात असं व्हायचंच."

एर्मेलिंदा खुर्चीतून हलली नाही. "याच वयात मला मोतीबिंदू झाला. तेव्हा वयच आहे म्हणून आंधळी नाही ठेवलंत मला!"

डॉक्टर पुन्हा नीट बसला. झोप, भूक विचारली. जगावंसं वाटतं का, तेही विचारलं. तिथे ती अडखळली, मग खरं ते सांगून मोकळी झाली. गोळ्या सुरू झाल्या, आणि दर मंगळवारी मनाच्या डॉक्टरणीकडे जाणं.

"जा, पण कुणाजवळ बोलू नकोस," हिल्बेर्तो म्हणाला. "लोक वेडी म्हणतील."

नाताळाआधी तामाले, म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून वाफवायचे सारणाचे उंडे, करायला बायका तिच्या स्वयंपाकघरात जमल्या. चाबेलाने डोळा मारला. "वहिनी, मंगळवारी असतेस कुठे? कुणी नवा गाठलायस की काय?"

हशा पिकला. एर्मेलिंदा मक्याच्या पानावर पीठ फासत म्हणाली, "मनाच्या डॉक्टरणीकडे जाते. गोळ्या घेते. ज्यांना वेडी म्हणायचंय त्यांनी आत्ता तोंडावर म्हणा, आणि आपापली तामाले आपल्या घरी करा."

चाबेला पुटपुटली, "देवावर भरवसा ठेवावा माणसानं."

"ठेवलाय की. त्याचं नाव घेऊनच गिळते गोळी."

बायका पांगल्यावर शेजारीण निकानोरा भांडी पुसत रेंगाळली. "मला पहाटे श्वासच घेता येत नाही. मरतेय असं वाटतं. तुझी ती बाई ओरडते का गं?"

"ती कसली ओरडते! मीच ओरडते तिच्यावर. चल तू."

अजूनही काही सकाळी एर्मेलिंदाला अंथरुणातून उठणं जिवावर येतं. पण मंगळवारी दोघी बसथांब्यावर हजर असतात. परवा तिथेच हिल्बेर्तोचा फोन आला, कुठे आहेस म्हणून.

"मनाच्या डॉक्टरणीकडे निघालेय!" ती इतक्या खणखणीत आवाजात म्हणाली की अख्खा थांबा वळून बघायला लागला. तिने एकेकाच्या नजरेला नजर दिली.