वैशूची पैठणी आणि आईने निवडलेला लॉज

वैशूच्या लग्नाला बारा दिवस राहिले होते, आणि आम्ही तिघं संध्याकाळचे येवल्यात लॉज शोधत फिरत होतो. आई, माझी धाकटी बहीण वैशू आणि मी. आईच्या पिशवीत दोन पैठण्या होत्या आणि गंमत म्हणजे दोन्ही अजून आमच्या नव्हत्या!

ही दोन हजार तीनच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा गंगापूर रोडला आमचा फुलांचा मळा होता, गुलाब आणि झेंडू. सकाळचा माल बाजारात पोहोचवून एसटीने निघालो, त्यामुळे येवल्याला पोहोचेपर्यंत दुपार कलली होती.

एका ओळखीच्या विणकराच्या घरीच गेलो. दोन साड्यांवर गाडी अडली. एक फिकट गुलाबी आणि एक गडद वांगी रंगाची, पदरावर मोर.

आता खरी भानगड सांगतो. आमची वैशू सावळी. दोन स्थळांनी तेवढ्यावरून नकार दिलेला... तोंडावर नाही, मध्यस्थाकरवी. तेव्हापासून पोरीनं गडद रंग घालणंच सोडलं होतं. मावश्या, आत्या, दुकानदार, सगळ्यांचं एकच, "हिला फिकट घ्या, उठून दिसेल." तीही म्हणाली, "गुलाबीच घे आई, उगाच लग्नात हसं नको."

खोटं कशाला बोलू, मीही गुलाबीच म्हणत होतो.

आईनं मात्र दोन्ही साड्या ट्यूबलाइटखाली धरल्या आणि खाली ठेवल्या. "या उजेडात मी रंग ठरवणार नाय. बल्बखाली घेतलेलं फूल घरी आलं की दुसरंच निघतं. सकाळी बघू."

मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी माझी सातपूरला कारखान्यात ड्युटी! पण विणकरकाका एकदम खूश. म्हणाले, "मावशी, आम्ही पण रेशमाचे रंग दिवसाउजेडीच जुळवतो. दोन्ही घेऊन जा. उद्या एक परत आणा." ना आगाऊ पैसे, ना पावती... पिशवीत घालून दिल्या सुद्धा.

म्हणून हा लॉज.

पहिला लॉज झकास होता. नवी कोरी चादर, कोपऱ्यात टीव्ही. मी चप्पल काढणार, तेवढ्यात आईनं मॅनेजरला विचारलं, "उगवतीला खिडकी हाय का?" त्याला वाटलं, म्हातारी वास्तू बघतेय. "सगळं वास्तूप्रमाणे बांधलंय मावशी," म्हणाला बिचारा. खिडकी उघडली तर समोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत.

दुसऱ्या ठिकाणी खिडकी होती, पण मावळतीला. आई जिन्यातूनच वळली. मी म्हटलं, "अगं, एक रात्र झोपायचंय, मळा नाही लावायचा इथं!" तिनं ऐकल्यासारखं सुद्धा केलं नाही.

तिसरा लॉज म्हणजे काय सांगू... टीव्ही नाही, संडास गच्चीच्या जिन्याखाली, पंखा फिरतोय की कण्हतोय कळेना. पण वर मोकळी गच्ची. आईनं पूर्वेकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाली, "हा घे." जन्मात पहिल्यांदा लॉजवर राहणारी बाई, पण खोली अशी घेतली जणू रोजचंच आहे. मी रात्रभर मच्छर मारत होतो आणि मनातल्या मनात आईवर चरफडत होतो.

सहाच्या आत तिनं आम्हाला हलवून उठवलं. सवयच ती, फुलं तोडायची वेळ. वैशू गाऊनवरच, डोळे चोळत वर आली.

ऊन नुकतंच गच्चीवर उतरत होतं. आईनं आधी गुलाबी पदर तिच्या खांद्यावर टाकला. आणि काय सांगू, काल तेवढी छान वाटलेली साडी... वैशूचा चेहरा एकदम आजारी दिसायला लागला. आईनं तो पदर काढला. घडी केली आणि वांगी पदर टाकला.

माझी बहीण इतकी देखणी आहे हे मला चोवीस वर्षांत दिसलंच नव्हतं!

"जा, आरसा आण," आई म्हणाली. मी धावत खाली. आरसा होता फक्त काउंटरमागे भिंतीवर. मॅनेजरनं तो खिळ्यावरून काढला आणि उत्सुकतेपोटी स्वतःच घेऊन वर आला. वैशूसमोर दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

ती बघतच राहिली. पदर जरा सारखा केला, परत बघितलं. मॅनेजरला राहवेना. "ताई, लय भारी दिसतंय हो," तो आरशामागून म्हणाला आणि आम्ही सगळे खो खो हसलो. वैशू हसता हसता रडायला लागली.

आईनं तिचे डोळे पुसले. "माझी पोर गडद हाय, तिला गडदच पायजे. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे."

मग वैशू माझ्याकडे वळली. "दादा, कॅमेरा आणलायस ना? काढ की माझा एक फोटो."

सावळी म्हणून कॅमेरा दिसला की दाराआड जाणारी ही मुलगी. स्वतःहून फोटो मागितल्याचं मला तरी आठवत नाही. मी घाईघाईत बटण दाबलं, त्यामुळे फोटो जरा हललाय.

आज तोच इथे टाकतोय, तिला विचारून. खाली गाऊन, वर पैठणी, केस विंचरलेले नाहीत, आणि हसू बघा! लग्नाच्या अल्बममध्ये एवढे फोटो आहेत, पण तिच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय तो हाच.

आई, त्या रात्री तुझ्यावर फार चिडलो होतो गं. माफ कर.