सासूबाई हिंदीत बोलल्या ती दुपार

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसते. इथल्या कमेंट्समध्येही भांडून झालंय. तेव्हा "विश्वास असतो त्यालाच दिसतं" हे मला कुणी शिकवू नये.

मी ग्वाल्हेरची. सिटी सेंटरला बँकेत नोकरी, सासर शहरातल्या कंपू भागात, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. घरात नवरा नितीन, सासूबाई आणि मी. सासूबाईंचा कडक नियम — हिंदी उंबऱ्याबाहेर. दक्खनेतून आलेलं घराणं ना! दूधवाल्याशीही त्या मराठीतच हुज्जत घालतात, तो बिचारा हिंदीत उत्तरं देतो.

मागच्या वर्षी मला दिवस राहिले, पण गर्भ पिशवीत नाही, डाव्या नळीत. डॉक्टरीणबाईंनी तिघांसमोर स्वच्छ सांगितलं, "हा गर्भ वाढू शकत नाही. लहान आहे, इंजेक्शनने विरघळतो का बघू. रक्तातला गर्भाच्या हार्मोनचा आकडा उतरला नाही तर ऑपरेशन, त्यात नळी जाईल. आणि फॉलिक ॲसिडची गोळी आजपासून बंद. ती इंजेक्शनचं काम बिघडवते."

मला ऑपरेशन करून मोकळं व्हायचं होतं. पण विचारतंय कोण?

"नळी गेली तर नातू कुठून येणार?" सासूबाई म्हणाल्या. नितीनने मान हलवली. नंदीबैल नुसता!

इंजेक्शन झालं, मी रजेवर घरी राहिले आणि सासूबाई एकदम गोड झाल्या. रोज दुपारी केशराचं दूध... तिथेच ओळखायला हवं होतं. पुढच्या तपासणीत आकडा उतरायचा सोडून चढला. दुसरं इंजेक्शन की ऑपरेशन, उद्या ठरवून या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "इंजेक्शनच घेऊ," म्हणून नितीन ऑफिसला निघून गेला.

त्या दुपारी सासूबाईंनी पेला माझ्या हातात दिला. मी तो तोंडाला लावणार, तोच त्या बोलल्या... चक्क हिंदीत.

"बहू, दूध मत पी. बुढ़िया रोज इसमें गोली पीसके डाल रही है. सुई से कुछ नईं होना. अभी जाके ऑपरेशन करा ले, बेटा."

ओठ त्यांचेच हलत होते. आवाज कुणा तरुण बाईचा — हळू, मायेचा.

दुसऱ्याच क्षणी त्या नेहमीच्या आवाजात खेकसल्या, "बघतेस काय? पी की, साय धरतेय."

मी दूध मोरीत ओतलं. तळाशी पिवळा चुरा होता. त्यांच्यादेखत त्यांचं कपाट उपसलं, तर साड्यांखाली फॉलिक ॲसिडची पाकिटं! पोटात कळ उठायला लागली होती. रिक्षा करून एकटीच दवाखान्यात गेले.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. नळी फुटली होती, पोटात रक्त जमत होतं. गोळ्यांमुळेच असं झालं का, हे डॉक्टरीणबाई खात्रीने सांगेनात. इंजेक्शन कधीकधी तसंही लागू पडत नाही म्हणे. पण उद्यापर्यंत थांबले असते तर जिवावर बेतलं असतं, हे त्यांनी ठणकावून सांगितलं.

घरी आल्यावर मी सासूबाईंना फैलावर घेतलं.

"टाकल्या गोळ्या!" त्या उसळल्या. "पोर जागेवर सरकेल असं वाटलं मला. तुम्ही तर मारायलाच निघाला होतात. पण हे मी तुला सांगेन होय? आणि तेही हिंदीत?"

भास झाला म्हणणाऱ्यांनो, मला ठाऊकच नव्हतं ते माझ्या कानांनी कुठून आणलं? कोण होती ती, मला खरंच माहीत नाही. मी जगावं असं त्या घरात तिला एकटीलाच वाटलं, एवढं मात्र कळलं.