पडद्यावर आलेलं गाईड

कालपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, पण बावीस वर्षं मी गणित शिकवतो ते गाईडच्या आधाराने. आधी खिशात फाडलेली पानं असत, आता मोबाइलमध्ये फोटो.

काल वर्गातल्या मोठ्या पडद्यावर मोबाइलमधली आकृती दाखवली. मुलं ती वहीत उतरवत होती, तेवढ्यात पुढचं उदाहरण बघावं म्हणून गाईडचा फोटो उघडला. मोबाइल वायफायवरून पडद्याला जोडलेलाच आहे, हे विसरलो. मान वर केली, तर सगळा वर्ग माझ्या पाठीमागे बघत होता.

"सर, तुम्हीपण?" पहिल्या बाकावरची रेवा म्हणाली.

"हो गं बाई, मीपण."

वर्ग खदखदून हसला, आणि मीही. या दिवसाला मी किती भ्यायलो होतो! मध्ये साधी वायरसुद्धा नव्हती, तरी इतक्या वर्षांचं झाकलेलं अलगद पलीकडे गेलं. माणसाच्या मनाचंही एखादं बटण असं चुकून सुरू राहायला हवं.

बऱ्याच वर्षांपूर्वी सुनंदा नावाच्या मुलीने गाईडपेक्षा वेगळ्या रीतीने उदाहरण सोडवलं होतं. मला ते कळलं नाही, म्हणून मी लाल फुली मारली. घरी ताडून पाहिलं, तर बरोबर होतं. तरी गप्प राहिलो. त्यानंतर तिने माझ्या तासाला हात वर केला नाही.

तिला शोधून हे सांगणं अजून बाकी आहे.